काटकसरीचा गणिती : लिओनिद कान्तोरोविच

सेनापतीच्या चरित्रांत लढाया असतात, मुत्सद्द्याच्या चरित्रांत तह आणि कारस्थानें असतात. गणितज्ञाच्या चरित्रांत मात्र फळा, खडू आणि कागद यांपलीकडे कांहीं नसावयाचें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यानें सिद्ध केलेल्या प्रमेयामुळें कोणाचें सिंहासन डळमळत नाहीं, कीं कोणाच्या ताटांतला घास कमी-अधिक होत नाहीं. आज ज्यांची ओळख करून देण्याचें मीं योजिलें आहे, त्या लिओनिद विताल्येविच कान्तोरोविच या रशियन गणितज्ञाच्या बाबतींत ही समजूत सपशेल खोटी ठरते. त्यांनीं एका कारखान्याला एक हिशेब करून दिला. त्या हिशेबांतून असे कांहीं आकडे निघाले, कीं त्यांच्या देशांतील अधिकाऱ्यांना आणि अर्थशास्त्र्यांना ते ऐकवेनात. आणि नवल असें, कीं त्या हिशेबांत चूक कोणालाच दाखवितां येत नव्हती.

कान्तोरोविच यांचा जन्म १९ जानेवारी १९१२ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. वडील डॉक्टर होते. मुलगा पांच वर्षांचा असतांना देशांत राज्यक्रांति झाली आणि दहा वर्षांचा असतांना वडील वारले. चौदाव्या वर्षीं, म्हणजे १९२६ सालीं, ते आपल्याच शहरांतील विद्यापीठांत दाखल झाले. या शहराला १९२४ पासून १९९१ पर्यंत लेनिनग्राड हें नांव होतें. १९३० सालीं, अठराव्या वर्षीं, त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला. बाविसाव्या वर्षीं ते प्राध्यापक झाले. आणि १९३५ सालीं डॉक्टर ही विद्वत्तेची पदवी रशियांत पुन्हां सुरू झाली, तेव्हां प्रबंध न मागतांच ती त्यांना देण्यांत आली. या वयांत आपल्याकडील विद्यार्थी परीक्षेच्या निकालाची वाट पाहत असतो!

त्यांचें आरंभींचें संशोधन शुद्ध गणितांतलें होतें. संचांचा सिद्धांत, आणि ज्याला फंक्शनल ॲनॅलिसिस म्हणतात ती त्या काळीं नव्यानेंच आकाराला येत असलेली शाखा, यांत त्यांनीं लौकर नांव मिळविलें. व्यवहाराशीं या विषयांचा कांहीं संबंध असेल असें बाहेरून पाहणाऱ्यास वाटलें नसतें. परंतु कान्तोरोविच यांचें मन तेवढ्यावर समाधानी नव्हतें. १९३६-३७ च्या सुमारास युरोपवर नाझी सत्तेचें सावट पसरत होतें. अशा वेळीं आपण केवळ अमूर्त प्रमेयांत रमून राहावें काय, हा विचार आपल्याला अस्वस्थ करीत होता, असें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे. त्यांना अर्थव्यवहाराकडे ओढ वाटूं लागली. पण गणित तेथें कोठून शिरणार, हें दार कांहीं दिसत नव्हतें.

तें दार एका प्लायवुडच्या कारखान्यानें उघडलें. १९३८ सालीं प्लायवुड ट्रस्टच्या प्रयोगशाळेंतील इंजिनिअर एक अडचण घेऊन त्यांच्याकडे आले. लाकडाचे ओंडके फिरवून त्यांचा पातळ पापुद्रा सोलणारीं त्यांचीं आठ यंत्रें होतीं आणि पांच प्रकारचा माल त्यांवर सोलावयाचा होता. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक मालावरील वेग निराळा. कोणता माल कोणत्या यंत्रावर किती वेळ चालवावा, म्हणजे ठरलेल्या प्रमाणांत जास्तींत जास्त उत्पादन होईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

श्रोतेहो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आपण त्याचें अगदीं लहान रूप घेऊं. समजा, यंत्रें दोनच आहेत, आणि भूर्ज व पाइन अशा दोनच जातींचे ओंडके आहेत. पहिलें यंत्र दिवसभरांत भूर्जाचे ६० किंवा पाइनचे ६० ओंडके सोलतें. दुसरें यंत्र जुनें आहे. तें भूर्जाचे २० किंवा पाइनचे ४० ओंडके सोलूं शकतें. भूर्जाचा एक आणि पाइनचा एक मिळून एक जोडी होते, आणि गिऱ्हाइकाला हवी असते ती जोडीच. तर दिवसाकांठीं जोड्या जास्तींत जास्त किती निघतील?

समबुद्धीच्या मुकादमाला वाटेल, दोन्ही यंत्रांना दोन्ही कामें अर्धा-अर्धा दिवस द्यावींत. मग भूर्जाचे ३० आणि १० मिळून ४० होतात, पाइनचे ३० आणि २० मिळून ५०. जोड्या ४०, आणि पाइनचे १० ओंडके उगाच पडून राहतात. मुकादम थोडा अधिक विचारी असला आणि त्यानें प्रत्येक यंत्रावर दोन्ही जाती समसमान काढल्या, तर जोड्या ४३ होतात. आतां तिसरा मार्ग पाहा. दुसऱ्या यंत्राला भूर्ज मुळींच द्यावयाचा नाहीं. त्यानें दिवसभर पाइनच सोलावा, म्हणजे ४० ओंडके होतील. पहिल्यानें ५० भूर्ज आणि १० पाइन सोलावेत. दोन्हीकडे पन्नास-पन्नास होऊन जोड्या ५० निघतात. नवें यंत्र आणलें नाहीं, मजूर वाढविला नाहीं, कामाचा तास वाढविला नाहीं. केवळ वांटणी बदलली आणि चाळिसांचे पन्नास झाले.

दोन यंत्रांपुरतें हें चाचपडूनहि सांपडेल. परंतु आठ यंत्रें आणि पांच प्रकारचा माल म्हटला, कीं भरावयाच्या जागा ४० होतात. आठ यंत्रांचा वेळ आणि पांच मालांचें परस्पर प्रमाण, अशा मिळून बारा अटी पाळावयाच्या असतात. उत्तम वांटणींत या ४० जागांपैकीं बारांहून अधिक भरण्याची गरज पडत नाहीं, इतकें गणित सांगतें. पण त्या बारा कोणत्या, हें तें सहजासहजीं सांगत नाहीं. चाळिसांतून बारा निवडण्याचे प्रकार ५५८ कोटींहून अधिक आहेत! आणि प्रत्येक प्रकारासाठीं बारा अज्ञातांचीं समीकरणें सोडवावयाचीं. हातांत कागद-पेन्सिल असलेला माणूस या वाटेनें निघाला, तर त्याला कित्येक जन्म पुरणार नाहींत. शाळा-कॉलेजांत शिकविलें जाणारें जुनें कलनशास्त्रहि येथें निरुपयोगी होतें.

कान्तोरोविच यांनीं ही वाटच सोडून दिली. वांटणी शोधण्याऐवजीं त्यांनीं मोलें शोधलीं. आपल्याच उदाहरणांत पाहूं. भूर्जाच्या ओंडक्याचें मोल अर्धी जोडी आणि पाइनच्याहि ओंडक्याचें अर्धी जोडी असें धरा. मग पहिल्या यंत्राच्या एका दिवसाचें मोल होतें ३० जोड्या. दुसरें यंत्र भूर्ज सोलील तर १० जोड्यांचें काम करील, पाइन सोलील तर २० जोड्यांचें; म्हणजे त्याच्या दिवसाचें मोल २० जोड्या. तीस आणि वीस मिळून पन्नास! वांटणीनें जें मिळालें, नेमकें तेंच मोलांच्या बेरजेनें मिळालें. यांत एक खुबी आहे. या दोन यंत्रांकडून पन्नासांहून अधिक जोड्या कोणत्याहि वांटणीनें निघणार नाहींत, याची ही बेरीज म्हणजे पक्की हमी आहे. उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यास कोट्यवधि प्रकार तपासण्याचें मग कारणच उरत नाहीं. या मोलांना कान्तोरोविच यांनीं 'सोडवणुकीचे गुणक' असें नांव दिलें.

ही केवळ गणितीची चलाखी नव्हे, हें आपल्या घरांतील गृहिणी चटकन ओळखील. सणाच्या दिवशीं पुरण शिजावयाचें असतें, कटाची आमटी व्हावयाची असते, आणि चुली दोनच असतात. त्या दिवशीं चुलीवरच्या एका तासाला मोल येतें. तीच चूल दुपारीं रिकामी असतांना तिच्या तासाला कांहींच मोल नसतें. वस्तु तीच, तिच्यासाठीं पडलेले कष्टहि तेच. पण मोल ठरतें तें तिच्या टंचाईवरून, आणि ती दुसऱ्या कोणत्या कामीं आली असती यावरून.

१९३९ सालीं लेनिनग्राड विद्यापीठानें कान्तोरोविच यांची एक लहानशी पुस्तिका छापली. 'उत्पादनाची संघटना आणि नियोजन यांच्या गणिती पद्धति' असें तिचें नांव होतें. ज्या विषयाला पुढें जगभर लीनिअर प्रोग्रॅमिंग हें नांव पडलें, त्याचा पाया या पुस्तिकेंत आहे. प्लायवुडचा प्रश्न एकटा नाहीं, हें लेखकाच्या ध्यानीं आलें होतें. पत्रे आणि लाकूड कापतांना तुकडे कमींत कमी वायां कसे जावेत, इंधन कोणत्या भट्टीला कोणतें द्यावें, कोणत्या शेतांत कोणतें पीक घ्यावें, रेल्वेनें माल कोठून कोठें न्यावा, हे सारे प्रश्न एकाच सांच्याचे आहेत, असें त्यांनीं दाखविलें. लेखकाचें वय त्या वेळीं २७ वर्षांचें होतें.

आणि येथेंच नियतीनें गांठ घातली. ज्या देशांत सारे कारखाने, साऱ्या जमिनी, सारी रेल्वे सरकारच्या मालकीची, आणि सारें उत्पादन योजनेनें चालावयाचें, त्या देशानें तरी ही पद्धति डोक्यावर घ्यावयास हवी होती. घडलें तें उलटें. त्या राज्याच्या अधिकृत अर्थशास्त्राप्रमाणें वस्तूचें मूल्य तिच्यांत ओतलेल्या श्रमांतून उत्पन्न होतें. जमिनीचा खंड, भांडवलाचें व्याज, हीं भांडवलशाहीचीं लक्षणें. कान्तोरोविच यांच्या हिशेबांत मात्र सुपीक जमिनीला मोल येत होतें, दुर्मिळ यंत्राच्या तासाला मोल येत होतें. आणि योजना उत्तम व्हावी अशी इच्छा असेल, तर हीं मोलें मानण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढें त्यांनीं या मोलांना 'वस्तुनिष्ठ रीतीनें ठरलेलीं मूल्यनें' असें लांबलचक नांव दिलें. 'किंमत' हा शब्द टाळण्याची ती धडपड होती, हें उघड आहे.

जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी केली. कान्तोरोविच त्या काळांत आरमाराच्या इंजिनिअरिंग विद्यालयांत गणित शिकवीत होते, आणि त्या विद्यालयाबरोबर त्यांना लेनिनग्राड सोडून यारोस्लाव्ल येथें जावें लागलें. तेथें १९४२ सालीं त्यांनीं आपले विचार सबंध राष्ट्राच्या अर्थव्यवहाराला लावून दाखविणारें एक पुस्तक लिहून पुरें केलें. युद्धांत प्रत्येक टन पोलादाला आणि प्रत्येक वाघिणीला महत्त्व होतें; हिशेबाची याहून निकड ती कोणती असणार? हस्तलिखित राज्याच्या नियोजन-मंडळापुढें गेलें. तेथें त्याला मान्यता मिळाली नाहीं. आग्रह धरणें सुरक्षित नाहीं, ही जाणीव त्यांना झाली, आणि अर्थशास्त्रावरील लेखन त्यांनीं बाजूला ठेविलें. भीति अनाठायीं नव्हती. त्याच मंडळाचे अध्यक्ष असलेले निकोलाय वोझ्नेसेन्स्की यांना १९५० सालीं गोळी घालून ठार करण्यांत आलें. त्यांच्यावरील आरोपांचें कारण निराळें होतें. पण त्या क्षेत्रांतील जमीन किती निसरडी होती, हें त्यावरून समजतें.

कान्तोरोविच गप्प बसले, परंतु रिकामे बसले नाहींत. गणितांत त्यांचें काम चालूच राहिलें, आणि त्या कामासाठीं १९४९ सालीं त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालें. एका हातानें सन्मान आणि दुसऱ्या हातानें मुस्कटदाबी, असा हा प्रकार होता! मधल्या काळांत लेनिनग्राड येथील रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यांत त्यांनीं आणि झाल्गाल्लर या गणितज्ञानें माल कापण्याच्या पद्धतीचा हिशेब करून दिला. या विषयावर दोघांचें पुस्तक १९५१ सालीं निघालें. या कारखान्याविषयीं रशियन गणितज्ञांमध्यें एक गोष्ट सांगितली जाई. हिशेबामुळें धातूचे वायां जाणारे तुकडे कमी झाले. परंतु भंगार म्हणून अमुक इतके तुकडे वितळविण्यासाठीं द्यावेत, असाहि एक सरकारी आंकडा कारखान्याला ठरवून दिलेला होता. तो आंकडा भरेना, म्हणून काटकसर करणाऱ्यांवरच ठपका आला! गोष्टींत तिखटमीठ किती आहे तें असो. पण आंकडा पुरा करणें आणि काम नीट करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें ती चांगलें शिकविते.

इकडे अमेरिकेंत, कान्तोरोविच यांच्या पुस्तिकेची वार्ताहि नसतांना, तोच विषय नव्यानें जन्माला आला. जॉर्ज डांट्झिग हा तरुण गणितज्ञ विमानदलाच्या नियोजनाचें काम करीत होता. १९४७ सालीं त्यानें 'सिंप्लेक्स' या नांवानें ओळखली जाणारी रीत शोधून काढली. तिची एक पहिली परीक्षा झाली ती स्वयंपाकघरांतल्या प्रश्नावर. स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञानें ७७ खाद्यपदार्थांतून शरीराला लागणारीं नऊ पोषक द्रव्यें पुरविणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता, असा प्रश्न मांडला होता, आणि अंदाजानें त्याचें उत्तर वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट असें दिलें होतें. नव्या रीतीनें उत्तर काढण्यास हिशेबाच्या यंत्रांवर बसलेल्या कारकुनांना मिळून १२० दिवसांइतकें काम पडलें, आणि उत्तर निघालें ३९ डॉलर ६९ सेंट. फरक चोवीस सेंटांचा! पण स्टिगलरचा अंदाज उत्तम होता हें सिद्ध करण्यासहि शेवटीं गणितच लागलें.

१९५३ सालीं स्टालिनचा मृत्यु झाला आणि हळूहळू रशियांतील बर्फ वितळूं लागलें. कान्तोरोविच यांना पाठबळ मिळालें तें वासिली नेमचिनोव्ह या संख्याशास्त्रज्ञाचें. हे गृहस्थहि साधे नव्हते. १९४८ सालीं लिसेंकोच्या दंडेलीविरुद्ध आनुवंशिकतेच्या शास्त्राची बाजू भर सभेंत घेतल्यामुळें त्यांना कृषि-अकादमीच्या प्रमुखपदावरून जावें लागलें होतें. त्यांच्या संपादनाखालीं १९५९ सालीं जुनी पुस्तिका पुन्हां छापली गेली; आणि त्याच वर्षीं, लिहून झाल्यापासून तब्बल १७ वर्षांनीं, तें युद्धकाळांतलें पुस्तकहि प्रसिद्ध झालें. पुस्तिकेचें इंग्रजी भाषांतर १९६० सालीं अमेरिकेंत निघालें, तेव्हां तेथील विद्वानांना कळलें, कीं आपण ज्या प्रदेशावर निशाण रोवलें, तेथें एक माणूस आठ वर्षें आधींच जाऊन आला होता.

यानंतरचा इतिहास भराभर सांगतां येण्याजोगा आहे. १९६० च्या सुमारास कान्तोरोविच सैबेरियांत नोवोसिबिर्स्कजवळ उभारलेल्या नव्या विज्ञाननगरींत गेले. १९६४ सालीं ते विज्ञान-अकादमीचे पूर्ण सभासद झाले. १९६५ सालीं नेमचिनोव्ह आणि नोवोझिलोव्ह यांच्याबरोबर त्यांना लेनिन पारितोषिक मिळालें; नेमचिनोव्ह मात्र तो दिवस पाहण्यास उरले नव्हते. १९७५ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना आणि अमेरिकेंतील त्यालिंग कूपमन्स यांना विभागून देण्यांत आलें. डांट्झिग यांचें नांव त्यांत नव्हतें, याचें कूपमन्स यांना मनापासून वाईट वाटलें. स्टॉकहोम येथील व्याख्यानाला कान्तोरोविच यांनीं 'अर्थशास्त्रांतील गणित : यश, अडचणी, भवितव्य' असें नांव दिलें. यश आणि भवितव्य यांच्या मधोमध अडचणींना त्यांनीं जागा दिली, यांत त्यांचा सारा अनुभव आला. ७ एप्रिल १९८६ रोजीं मॉस्को येथें त्यांचें निधन झालें.

मग त्यांच्या गणितानें रशियाचा अर्थव्यवहार सुधारला काय? प्रामाणिक उत्तर असें, कीं एखाद-दुसऱ्या कारखान्यांत, वाहतुकींत, माल कापण्यांत तें उपयोगी पडलें. परंतु सबंध राष्ट्राची योजना त्यावर चालली नाहीं. गणिताला खरे आकडे लागतात. ज्या व्यवस्थेंत कारखानदार आपली शक्ति कमी करून सांगतो, म्हणजे पुढील वर्षीं बोजा वाढूं नये, आणि वरचा अधिकारी उत्पादन फुगवून सांगतो, म्हणजे शाबासकी मिळावी, तेथें उत्तमोत्तम रीतीनेंहि खोट्या आंकड्यांचें उत्तर खोटेंच निघावयाचें. आणि काय उत्तम मानावें, जास्त पोलाद कीं जास्त भाकरी, हें गणित ठरवीत नाहीं. तें माणसांनींच ठरवावयाचें असतें. १९९१ सालीं तें सोव्हिएट राज्यच विलयास गेलें.

कान्तोरोविच यांचें गणित मात्र राज्याबरोबर गेलें नाहीं. विमानांच्या फेऱ्या, तेलशुद्धीचे कारखाने, विजेची वांटणी यांचे हिशेब जगभर त्याच पायावर होतात. त्याची रीतहि अधिकाधिक सुधारत गेली. सिंप्लेक्स रीत कांहीं प्रश्नांवर फार लांबते, हें १९७२ सालीं दिसून आलें होतें. १९७९ सालीं लेनिनग्राडलाच जन्मलेल्या लिओनिद खाचियान यांनीं असें लांबण न लागणारी रीत असूं शकते, हें सिद्ध केलें. परंतु ती व्यवहारांत मंद ठरली. सिद्धांतांत पक्की आणि व्यवहारांतहि वेगवान अशी रीत १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतून जाहीर झाली, आणि तिच्याखालीं नांव होतें नरेंद्र करमरकर यांचें. ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांत जन्मलेल्या आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधून १९७८ सालीं पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणानें लेनिनग्राडच्या प्लायवुडच्या प्रश्नाचा धागा पुढें नेला, याचा आपल्याला अभिमान वाटल्यास तो गैर म्हणतां येणार नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरचा जमाखर्च असो वा राष्ट्राचा, हिशेब करतांना आपल्याला नको असलेला आंकडा बाजूस सारण्याचा मोह नेहमींच होतो. कान्तोरोविच यांनीं तो मोह कधीं होऊं दिला नाहीं. बोलतां येईना तेव्हां त्यांनीं हस्तलिखित जपून ठेविलें. पण आंकडा बदलून तें छापवून घेतलें नाहीं. सतरा वर्षांनीं तें बाहेर आलें, तेव्हां त्यांतल्या बेरजा जशाच्या तशा बरोबर होत्या.